आमच्या पत्त्यावरचा माणूस

ज्या इमारतीबद्दल मी लिहिणार आहे ती मी पाहिलेली नाही. ती ज्या देशात आहे तिथे मी गेलेलो नाही, आणि आता जाण्याची इच्छाही उरलेली नाही. तुरुंग, ठेके, सरकारं यांच्यावर लिहिणारे लोक अभ्यास केलेले असतात. मी पेणच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला पहिलाच, आणि उत्तरपत्रिकेपलीकडे मी आजवर फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा. आमच्या घरात काय झालं तेवढंच मला सांगता येईल. जिथे मला नीट समजलेलं नाही तिथे तसं सांगेन.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी आहे. दादा माझ्याहून बराच मोठा. दहावीनंतर तो वडखळजवळच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागला, तिथेच स्वयंपाक शिकला आणि मग एका एजंटमार्फत जहाजावर गेला, खलाशांचं जेवण करायला. आमच्याकडची बरीच मुलं जहाजावर जातात, त्यामुळे त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. पुढे एकदा जहाज अमेरिकेतल्या एका बंदराला लागलं. दादा खाली उतरला आणि परत चढला नाही. ओळखीच्या ओळखीनं तो तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला राहिला. त्यानं हे आम्हाला फोनवर सांगितलं, पण आम्ही ते गावात कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं की आई म्हणायची, "जहाजावर हाय." एजंट मात्र एकदा घरी येऊन गेला होता. जहाजाची कंपनी केस टाकणार, पोलीस घरी येणार, असं तो आईला दम देऊन गेला. ती भीती आईच्या मनातून कधी गेली नाही.

मग दादाचे मेसेज बंद झाले. पुष्कळ दिवसांनी एका सकाळी आईच्या हातात फोन असताना तो वाजला. पलीकडे एक बाई इंग्रजीत बोलत होती. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय बाय, बोला. माझा पोरगा हाय काय तिकडं?" बाई बोलतच राहिली. आईनं फोन माझ्याकडे दिला. "घे रे. जाम बोलते, दम पन खात नाय."

ती रेकॉर्ड केलेली बाई होती. हा फोन अमुक केंद्रात ठेवलेल्या माणसाकडून आहे, संभाषण नोंदलं जाईल, बोलायचं असेल तर अमुक बटण दाबा, असं ती सांगत होती. मी बटण दाबलं आणि दादाचा आवाज आला.

हॉटेलवर धाड पडली होती. दादाला पकडून परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात नेलं होतं. पण त्याचा आवाज घाबरलेला नव्हता. तो म्हणाला, "केस लढायचीय काय विचारलं, तर मी बोललो, नाय. मना घरी जायचाय. सही दिली मी. त्यांना मना धाडायचाय, मना जायचाय. भांडण कसला? महिन्याभरात येतो."

आईनं माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली. शेजारच्या काकीनं विचारलं तर म्हणाली, "कंत्राट संपलाय त्याचा. येतो."

महिना गेला, मग दुसरा गेला. दादाचे फोन येत राहिले. त्यासाठी आधी एका कंपनीच्या ॲपवर पैसे भरावे लागत. पेणमधल्या ओळखीच्या दुकानदाराच्या कार्डावरून मी ते भरायचो. रेकॉर्डवरची बाई दर वेळी तेच बोलायची आणि आई दर वेळी तिला "कशी हायस गो?" असं विचारून मग फोन माझ्याकडे द्यायची. ती खरी बाई नाही हे मी तिला समजावलं होतं. ती म्हणाली, "नसंल. पन त्याच्याजवळ तीच हाय ना?"

याच दिवसांत मी त्या केंद्राचं नाव मोबाईलवर शोधलं. मला सरकारी पान सापडेल असं वाटलं होतं. सापडलं ते एका कंपनीचं. हिरवळ, झेंडा, हसणारे कर्मचारी. डाव्या बाजूला एक जागा भागधारकांसाठी होती. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, तरी तुरुंगाला भागधारक असतात हे मला माहीत नव्हतं. डिक्शनरी घेऊन मी ती पानं वाचत बसलो. अर्थशास्त्राचं सगळंच कळलं नाही. एवढं कळलं की सरकार कंपनीला माणशी, दर रात्रीचे पैसे देतं. माणसांना तिथे बेड म्हणतात. बेड किती भरले हे दर तीन महिन्यांनी सांगतात. कंपनीच्या मोठ्या साहेबाचं एक भाषणही तिथे ऐकायला ठेवलं होतं. आवाज मृदू होता. निवडणुकीनंतर मागणी वाढेल, नवी केंद्रं उघडायची तयारी आहे, अशा अर्थाचं तो बोलत होता आणि प्रश्न विचारणारे त्याचं अभिनंदन करत होते. ही कंपनी निवडणुकीत देणग्या देते असंही मी नंतर वर्तमानपत्रात वाचलं. कोणाला किती, ते मला माहीत नाही.

हे कोणाशी तरी बोलायला हवं होतं. बाबा रोह्याला एका केमिकल कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. कंपनीचे नव्हेत, ठेकेदाराचे. तिथेच दोघं-तिघं मिळून खोली घेऊन राहतात. रविवारी मी नागोठण्यावरून एसटीनं रोह्याला गेलो. बाबा आणि त्यांच्या खोलीतले एक काका जेवायला बसले होते. मी सगळं सांगितलं.

बाबा म्हणाले, "तुरुंग शेठचा? खुळा झालास काय? चोराला शेठ कशाला कोंडून ठेवील?"

"दादा चोर नाय, बाबा."

"मी दादाला कुठं बोललो? तुरुंगाचा बोलतो."

काका म्हणाले, "आवं, म्हंजे आपल्यासारखाच. गेटवर मानूस उभा करायचा नि बिल लावायचा."

"आपल्यासारखा कसा?" बाबा म्हणाले. "आपन भायेरच्याला आत सोडत नाय. ते आतल्याला भायेर सोडत नायत."

"पगार तेवढा बरा असंल," काका म्हणाले आणि दोघंही हसले. मग बाबांनी मला विचारलं, "आनि दादाचा काय? त्याला ठेवून शेठला काय मिळतं?"

मी म्हणालो, "दादाची रोज हजेरी लागते बाबा. पगार शेठला जातो."

बाबांनी ताटात हात धुतला. नंतर त्यांनी हा विषय काढला नाही, पण मी निघताना एसटी स्टँडपर्यंत आले. म्हणाले, "ठेकेदार बिल चालू असलेला मानूस कवा सोडत नाय. सरकारला सांगायला पायजे कोनीतरी."

कॉलेजात एकदा खासगीकरणावर तास चालू होता. मी धीर करून विचारलं, "सर, तुरुंगाचं खासगीकरण करता येतं का?" सर म्हणाले, आपल्याकडे नाही, बाहेर काही देशांत आहे, आपल्या अभ्यासक्रमात नाही. मागून एक मुलगा म्हणाला, "प्रायव्हेट असेल तर एसी तरी असेल, सर. आपल्या हॉस्टेलपेक्षा बरं." सगळे हसले. सरही थोडे हसले, ते वाईट माणूस नाहीत. मला सांगायचं होतं की एसी आहे. रात्रंदिवस इतका गार असतो की दादा दोन शर्ट घालून झोपतो आणि जास्तीचं पांघरूण मागितलं तर विकत घे म्हणतात. पण मग कोणाचा दादा, कुठे, असं सगळं आलं असतं. मी खाली बसलो.

दादाला तिथे स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. काम म्हणजे, करायचं तर करा असं, दिवसाला एक डॉलर. तो डॉलर फोनला आणि साबणाला जायचा, म्हणजे परत तिथेच. पण रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून त्यानं ते घेतलं. तो म्हणाला, "इथले लोक भात शिजवत नायत, उकडून टाकतात. मी नीट करतो. आता गार्ड लोक पन विचारतात आज कोन हाय किचनमधी." हे सांगताना त्याला बरं वाटत होतं, आणि मलाही बरं वाटलं.

पण घरी यायचं काय, असं विचारलं की तो गोंधळायचा. त्याचा पासपोर्ट जहाजावरच राहिला होता. भारत सरकारनं त्याला प्रवासाचा कागद दिल्याशिवाय विमानात बसवता येत नव्हतं. गार्डला विचारलं तर तो म्हणायचा, आम्ही फक्त ठेवतो. सरकारी अधिकारी यायचा तो म्हणायचा, तुझा देश कागद देत नाही. आम्ही घरात बसून आपल्या सरकारला शिव्या द्यायचो.

एका दुपारी मी कॉलेजात असताना साध्या कपड्यांतला एक माणूस मोटरसायकलवरून आमच्या गावात आला. आई आणि शेजारची काकी ओट्यावर सुकट निवडत होत्या. त्या माणसानं दादाचं पूर्ण नाव घेतलं, मोबाईलवरचा फोटो दाखवला आणि विचारलं, "हा इथेच राहतो ना?"

इथे गावाबद्दल थोडं सांगायला हवं. मी लहान असताना एका प्रकल्पासाठी आमच्याकडच्या जमिनी घेणार होते आणि गावं विरोधात उभी राहिली होती. तेव्हा पोलीस नावं घेऊन यायचे. ज्याचं नाव विचारलं तो त्यांच्यासमोर उभा असला तरी सगळं गाव म्हणायचं, असा इथे कोणी नाही. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून आम्ही बांध घालतो, त्याला खांड पडून पाणी आत येऊ लागलं की जसा घरटी एकजण न बोलावता धावतो, तसंच ते होतं. पुढे प्रकल्प मागे पडला, पण ही सवय राहिली.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आई आणि काकी दोघीही खुशीत होत्या. काकीच सांगू लागली. "त्यानं फोटो दावला नि तुझी आय बोलते, आमचा नाय. तो बोलतो, पत्ता तर हाच हाय मावशी. मी बोलले, पत्ता काय, कोनीपन देईल. उद्या मी कलेक्टरच्या बंगल्याचा दीन, मना ठेवून घेतील काय?"

आई म्हणाली, "देवळाजवळ जाऊन आनखी विचारलंन. तिथं पन सगळे नाय बोलले."

"कोकम सरबत पाजून धाडला," काकी म्हणाली. "आमी काय आजचे हाव काय?"

काकीला वाटत होतं, दादानं जहाजावर काही मारामारी केली असेल. आईला वाटलं होतं, एजंट म्हणाला तो हाच पोलीस. मलाही त्यांनी केलं ते बरोबरच वाटलं. पोलीस घरी येतो तो कधी भल्यासाठीही येतो हे आमच्या पुस्तकात होतं, गावात नव्हतं.

काही आठवड्यांनी दादाचा फोन आला. तो म्हणाला, "पेणवरून पोलिसांचा रिपोर्ट आला. या पत्त्यावर असा कोन मानूस नाय. गावातपन कोन वळखत नाय. इथला अधिकारी मना विचारतो, तू खरा कोन? बांगलादेशी हायस काय? नेपाळी हायस काय?" मग हळूच म्हणाला, "मी तुमचा कोन नाय काय रे?"

फोन स्पीकरवर होता. आईनं सगळं ऐकलं. आत गेली, लग्नाकार्याला नेसते ते लुगडं नेसली, दादाचा शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड पिशवीत घातलं आणि दारात येऊन उभी राहिली. "चल," म्हणाली. पेणच्या पोलीस स्टेशनात ती आयुष्यात पहिल्यांदा जात होती. आंदोलनाच्या वेळी बाबांना पकडलं होतं तेव्हासुद्धा ती गेटबाहेरच थांबली होती.

आत तोच हवालदार होता, या वेळी गणवेशात. त्यानं आईला ओळखलं. "मावशी, तुम्हीच म्हणालात ना, आमचा नाही?"

आई म्हणाली, "बोलले. तुमी साध्या कपड्यांत आलतात. मना वाटला तुमी त्याला न्यायला आलात."

"आणि गणवेशात आलो असतो तर?"

आई म्हणाली, "तरीपन नायच बोलले असते."

हवालदारानं कपाळाला हात लावला. तो मला म्हणाला, "अरे, तू शिकलेला दिसतोस. तिकडची चौकशी आली की आम्ही एवढंच विचारतो, माणूस तुमचाच ना. हो म्हणालात की तो घरी. पण एकदा रिपोर्ट गेला की गेला. आता तिकडून पुन्हा चौकशी मागवावी लागेल." त्याचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर लपवण्यात अर्थ नव्हता. बाबा सुट्टी घेऊन रोह्याहून आले आणि गावकीच्या बैठकीत उभे राहिले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. "माझा पोरगा जहाजावर नाय," एवढं म्हणून ते थांबले, मग बाकीचं सांगितलं. गावकीतल्या एका म्हाताऱ्या पंचांनी विचारलं, "तुरुंगात हाय, नि तू आमाला सांगितला नाय? आमाला परका समजतोस?"

"लाज वाटली," बाबा म्हणाले.

"आनि आता आमाला लाज वाटते त्याचा काय? देवळाजवळ मीच होतो. मीच बोललो, असा कोन नाय. जन्मल्यापासून बघतोय त्याला मी."

दुसऱ्या दिवशी दोन टेम्पो भरून गाव पेणला गेलं. काकी, ते पंच, दादाच्या शाळेचे निवृत्त मास्तर, त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणारी पोरं. सगळ्यांना लिहून द्यायचं होतं की हा आमचाच आहे. पोलीस स्टेशनच्या आवारात गर्दी बघून साहेब बाहेर आले. त्यांना वाटलं मोर्चा आहे. खरा प्रकार कळल्यावर म्हणाले, "चौकशी तिकडून आल्याशिवाय मी काही पाठवू शकत नाही. आणि आली तरी दोन माणसं पुरतात." तरी पंच उन्हात उभे राहिले. म्हणाले, "दोन तर दोन, पन आमाला मोजून घ्या. मागच्या वेळी सगळे नाय बोललो होतो."

पुन्हा चौकशी यायला बरेच महिने लागले. मधले पावसाळ्याचे दिवस मी कसेबसे काढले. परीक्षा दिली. वर्गात पुन्हा काही विचारलं नाही. पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. दादाला घरी यायचं होतं. अमेरिकेच्या सरकारला तो नको होता. आम्हाला तो हवा होता. आता गावही तेच म्हणत होतं. एवढ्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असताना ती होत नव्हती, आणि न होण्याच्या दर रात्रीचे पैसे एका माणसाला मिळत होते. तो माणूस आम्हाला ओळखत नाही, त्याचा आमच्यावर राग नाही. आईनं ओट्यावर बसून म्हटलेलं 'आमचा नाय' हेही त्याच्या बिलात गेलं. कंपनीनं आमच्या गावाला खोटं बोलायला लावलं नव्हतं, हे मी मान्य करतो. पण आमची भीती, आमचं शहाणपण, सरकारी फायलींची चाल, काहीही असो, सगळ्याची तिथे किंमत होते आणि ती त्यांना मिळते. मी हे नीट मांडू शकत नाही. ज्यांना मांडता येतं त्यांनी मांडावं.

शेवटी चौकशी आली. हवालदार गणवेशात आला, आईनं त्याला घरात बसवलं आणि तो काही विचारायच्या आधीच म्हणाली, "माझा हाय." या वेळी रिपोर्ट बरोबर गेला. पुढे दादाच्या अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं की कागद मंजूर झालाय, दोन-तीन आठवड्यांत विमान. दादानं फोनवर आईला विचारलं, येताना काय आणू? आई म्हणाली, "तू येताना तूच आन."

आणि मग फोन थांबले. ॲपवर दादाचा केंद्रातला नंबर टाकला की या केंद्रात अशी व्यक्ती नाही असं यायचं. आम्हाला ते चांगलं लक्षण वाटलं. विमानात बसवला असेल, दिल्लीला उतरवतात असं ऐकलं होतं, तिथून फोन करील. बाबांनी ठेकेदाराकडे रजा मागून ठेवली. मी रोज कॉलेजातून येताना वडखळला उतरून जरा थांबायचो. कशासाठी ते सांगता येणार नाही. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या बघायचो.

अशाच एका रविवारी मी बाबांचा डबा घेऊन रोह्याला गेलो होतो. त्यांची ड्यूटी होती म्हणून गेटजवळच्या टपरीवर थांबलो, आणि फोन वाजला. नंबर नवीन होता.

दादाच होता. दिल्लीला नव्हता. त्याला दुसऱ्या राज्यात नेलं होतं, त्याच कंपनीचं नवीन केंद्र उघडलं होतं तिथे. कागद आला तो जुन्या जागी आला. तिथे तो पडून राहिला, त्याची मुदत संपली. आता नवा मागवायला हवा, आणि नव्या जागेचा अधिकारी वेगळा आहे, त्याला पहिल्यापासून सगळं करायचं आहे.

गेटच्या आतून बाबा माझ्याकडे बघत होते. मी पाठ फिरवली आणि विचारलं, "पण तुलाच का हलवला? कागद येणार हे त्यांना माहीत होतं ना?"

"अधिकाऱ्याला म्हाईत होता. हलवणाऱ्याला नसंल," दादा म्हणाला. "का हलवला ते कागदावर कोन लिहीत नाय. पन एक गार्ड बोलला मना. इथं सगळे बेड नवीन हायत, मानसं भरतायत. किचन सुरू करायचा होता. तर तिथल्या साहेबानं सांगितलं, तो भात नीट करतो, त्याला पहिला धाडा."